एका कुकरमधले तीन डबे

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या लहानपणी ट्रान्झिस्टर म्हणजे रेडिओ. भोकाभोकांच्या चामडी कव्हरातला, पट्ट्यानं खांद्याला अडकवता येणारा. अब्बा संध्याकाळी तो घेऊन ओट्यावर बसत. आवाज बसायला लागला की सेल काढून दुसऱ्या दिवशी उन्हात ठेवत, म्हणजे आणखी दोन दिवस बातम्या ऐकता येत. ट्रान्झिस्टर हे त्या डब्याचं नाव नाही, डब्याच्या पोटात बसलेल्या वाटाण्याएवढ्या वस्तूचं आहे, हे मला फार उशिरा कळलं. मी बी.ए. झालेला माणूस, त्यातून कविता लिहिणारा. कळलं नसतं तरी काही अडलं नसतं.

अडलं ते भाच्याच्या दुकानात. तालुक्याच्या गावी तो इन्व्हर्टर, प्रिंटर, गाड्यांचे बोर्ड असं काय येईल ते दुरुस्त करतो. एका लग्नसराईत मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा दुकानात एक बाई बसल्या होत्या. त्यांचं कॉम्प्युटरवर चालणारं छोटं एम्ब्रॉयडरी मशीन बंद पडलं होतं. ब्लाउजच्या ऑर्डरी अडकलेल्या, मशीनच्या कर्जाचा हप्ता तोंडावर आलेला. भाच्यानं मशीनचा बोर्ड भिंगाखाली धरला होता. नखापेक्षा थोड्या मोठ्या एका काळ्या चिपवर चिमटा टेकवून तो म्हणाला, "मामू, ही गेली. विजेचा दाब एकदम वाढला असणार."

मग त्यानं फळीवरून दुसरा, जुना बोर्ड काढून माझ्यासमोर ठेवला. त्यावर कंगव्यासारखे ॲल्युमिनियमचे जाड पत्रे उभे होते. "हा जुन्या मशीनचा. काम तेच, मोटर पुढं-मागं फिरवायची. पण तापायचा म्हणून एवढा पत्रा लागायचा. हिला काहीच लागत नाही."

"का?"

"हिच्यात तीन जातींचे ट्रान्झिस्टर एकत्र नांदतात ना!"

ट्रान्झिस्टरलाही जात असते हे ऐकून मी खुर्ची पुढं ओढली. त्या दिवशी सुरू झालेलं वाचन पुढं बरेच महिने चाललं. श्रोतेहो, आज त्याचीच गोष्ट तुम्हाला सांगणार आहे.

पहिली जात सर्वांत जुनी. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर सोन्याची दोन टोकं टेकवून विजेचा क्षीण इशारा मोठा करून दाखवला. त्यांचे प्रमुख विल्यम शॉकली यांनी लगेच, १९४८ च्या जानेवारीत, त्यापेक्षा पक्क्या बांधणीचा ट्रान्झिस्टर कागदावर मांडला. त्या वंशाला पुढं बायपोलर हे नाव मिळालं. त्याची रीत अशी, की एका पायातून थोडा प्रवाह द्यायचा आणि दुसऱ्या पायातून त्याच्या कितीतरी पट प्रवाह घ्यायचा. १९५४ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेल्या पहिल्या ट्रान्झिस्टर रेडिओत असे चार होते. अब्बांच्या रेडिओत होते ते याच कुळातले. तिघा शास्त्रज्ञांना १९५६ चं नोबेल मिळालं.

बायपोलरचा गुण म्हणजे अचूकपणा. दोन शेजारी बायपोलर ट्रान्झिस्टर एकाच वेळी घडवले तर ते जुळ्या भावांसारखे वागतात. त्यांची एक गंमत तर मला फार आवडली. अशा ट्रान्झिस्टरवरचा विजेचा दाब उष्णता वाढली की उतरतो, दर अंशाला साधारण दोन सहस्रांश व्होल्ट. पण वेगवेगळ्या भारानं चालणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरांच्या दाबातला फरक घेतला, तर तो उष्णतेबरोबर चढतो. एक उतरणारी गोष्ट आणि एक चढणारी गोष्ट योग्य प्रमाणात मिळवली, की बेरीज जागेवरून हलत नाही. ती सव्वा व्होल्टच्या आसपास स्थिर राहते. उन्हाळा असो की हिवाळा, मोजायला एक पक्कं माप मिळतं. १९७१ च्या सुमारास बॉब विडलर या अमेरिकन अभियंत्यानं ही युक्ती चिपमध्ये उतरवली आणि आजही ती जागोजाग वापरली जाते.

दोष म्हणाल तर बायपोलर खाऊ आहे. त्याला सतत प्रवाह पाजावा लागतो. शिवाय मोठं काम दिलं की तो तापतो, आणि तापलेला भाग आणखी प्रवाह स्वतःकडे ओढून आणखी तापतो. भांडणात चिडलेल्या माणसासारखं त्याचं होतं, आणि आवर घातला नाही तर तो स्वतःलाच जाळून घेतो.

दुसरी जात कल्पनेनं पहिलीहून थोरली, पण जन्मानं धाकटी. प्रवाह न पाजता, नुसत्या विजेच्या दाबानं दुरून नळ उघडावा-मिटावा, ही कल्पना ज्युलियस लिलियनफेल्ड यांनी १९२५ सालीच पेटंटसाठी मांडली होती. शॉकली यांनीही ती करून पाहिली, पण जमलं नाही. दाब आतपर्यंत पोचतच नव्हता. पदार्थाच्या पृष्ठभागावर अडकून बसलेले इलेक्ट्रॉन तो वरच्यावर झेलत होते, हे कारण बार्डीन यांनी शोधलं. उपाय मात्र बरीच वर्षं सापडला नाही.

तो बेल प्रयोगशाळेतल्याच दोन परदेशी माणसांना सापडला. मोहम्मद अटाला हे इजिप्तमधल्या पोर्ट सैदचे, कैरोत शिकून अमेरिकेत आलेले. डावोन कांग हे कोरियातल्या सोलचे. सिलिकॉन तापवून त्यावर त्याच्याच ऑक्साइडचा, म्हणजे एका तऱ्हेच्या काचेचा, नितळ थर वाढवला तर पृष्ठभागाचा उपद्रव शमतो, हे अटाला यांनी दाखवलं होतं. त्या थरावर धातूची पट्टी ठेवून दोघांनी १९५९-६० मध्ये 'मॉस' ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. धातू, ऑक्साइड आणि सेमीकंडक्टर या तिन्हींच्या इंग्रजी आद्याक्षरांचं हे नाव. त्यांच्या संस्थेत सुरुवातीला त्याचं फारसं कौतुक झालं नाही. नोबेलही त्यांच्या वाट्याला आलं नाही. आज जगात माणसानं घडवलेल्या वस्तूंमध्ये संख्येनं सर्वांत जास्त असलेली वस्तू बहुधा हाच ट्रान्झिस्टर असेल. २००९ साली या दोघांची नावं अमेरिकेच्या संशोधकांच्या राष्ट्रीय सन्मान-यादीत लागली. कांग तेव्हा हयात नव्हते, आणि अटाला त्याच वर्षाच्या अखेरीस गेले.

१९६३ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीतल्या फ्रँक वानलस आणि सी. टी. सा यांनी मॉस ट्रान्झिस्टरची जोडी लावली. त्यातला एक उघडा असताना दुसरा बंद. त्यामुळे वरून खाली सरळ वाट कधी मोकळी नसते, आणि काम नसताना वीज जवळजवळ खर्चच होत नाही. ही जोडी म्हणजे 'सीमॉस'. हिशेब करणं, लक्षात ठेवणं, 'हो' की 'नाही' हे ठरवणं, अशा बौद्धिक कामासाठी हिच्याइतकं काटकसरी कोणी नाही.

तिसरी जात अंगमेहनतीची, तिचं नाव 'डीमॉस'. १९६९ मध्ये जपानच्या सरकारी प्रयोगशाळेतले तारुई, हायाशी आणि सेकिगावा यांनी एक रीत मांडली. एकाच काठावरून दोन वेगवेगळी द्रव्यं सिलिकॉनमध्ये जिरवायची. एक जरा जास्त आत जातं, दुसरं कमी. त्या दोहोंमधलं अंतर हीच प्रवाहाची वाट. वाट आखूड, म्हणून अडथळा कमी, आणि मागं मोकळी जागा सोडलेली, म्हणून मोठा दाबही सोसतो. अशा हजारो घरट्यांना शेजारी शेजारी बसवलं की मोटर फिरवण्याइतका प्रवाह सहज वाहतो. शिवाय बायपोलरच्या उलट स्वभाव. एखादं घरटं तापलं की त्याचा अडथळा वाढतो आणि प्रवाह आपोआप थंड शेजाऱ्याकडे वळतो. दमलेल्याचं ओझं ताज्या दमाच्यानं उचलावं, असा हा शेजारधर्म.

म्हणजे मोजणारा, विचार करणारा आणि राबणारा अशा तीन जाती झाल्या. त्या स्वतंत्रपणे वाढल्या. त्यांचे कारखाने निराळे, तंत्रज्ञ निराळे. रोटीबेटी व्यवहार म्हणाल तर अगदी तुरळक.

तो का, हे समजून घ्यायला आपलं स्वयंपाकघर बरं. चिप घडवणं म्हणजे भट्टीतलं काम. सिलिकॉनच्या चकतीवर नक्षीच्या मुखवट्यातून द्रव्यं सोडायची आणि हजार अंशांच्या आसपास भाजून ती आत जिरवायची. पण एकाला लागणारी भाजणी दुसऱ्याला करपवते, कारण आधी जिरवलेली द्रव्यं नव्या भाजणीत आणखी पसरतात. मोठा दाब सोसणाऱ्याला जाड थर हवा, दाटीवाटीनं बसणाऱ्या सीमॉसला बारीक काम हवं. वर्षानुवर्षं स्वयंपाक करणारी बाई एका कुकरमध्ये खाली डाळ, वर भात आणि त्यावर बटाटे लावते. डबे वेगळे, वाफ एक, शिट्ट्या मोजक्या. बटाटा कच्चा राहत नाही आणि भाताचा गिच्च गोळाही होत नाही. ही अक्कल सिलिकॉनच्या भट्टीत यायला बराच काळ जावा लागला.

प्रयत्न झाले होते. १९६९ मध्ये शांघायमध्ये जन्मलेले अमेरिकन अभियंते एच. सी. लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीमॉस आणि बायपोलर एकाच तुकड्यावर कसे बसवता येतील, हे शोधनिबंधात मांडलं. १९७० च्या दशकात आरसीए कंपनीनं असे काही ॲम्प्लिफायर विकायला काढले. त्यात कान मॉसचे होते आणि मधला गळा बायपोलरचा. पण तिघांची मोट एकत्र बांधली गेली ती इटलीत.

मिलान शहराजवळ आग्राते इथं १९५७ साली ऑलिव्हेत्ती आणि तेलेत्त्रा या दोन इटालियन कंपन्यांनी मिळून एसजीएस नावाचा सेमीकंडक्टर कारखाना काढला होता. ऑलिव्हेत्ती म्हणजे टाइपरायटर बनवणारी प्रसिद्ध कंपनी. एसजीएसच्या कास्तेलेत्तो इथल्या केंद्रात मोठी शक्ती हाताळणाऱ्या चिपांचं काम चाले. त्या गटाचे म्होरके होते ब्रूनो मुरारी. हे आडनाव वाचून मी थबकलो. मथुरेचा मुरारी मिलानला कसा पोचला? अर्थात ते अस्सल इटालियन आडनाव आहे, आपल्या मुरलीधराशी त्याचा संबंध नाही. पण अटालांच्या मोहम्मदनंतर हा मुरारी भेटावा याचं मला बरं वाटलं. नावांवरून हरखून जायची खोड कवींना असतेच.

मुरारी यांच्यासमोरचा प्रश्न माझ्या भाच्याच्या दुकानातलाच होता. टाइपरायटर, प्रिंटर, गाडीची काच यांतल्या मोटरी फिरवायला बायपोलरच्या चिपा होत्या. त्यातून प्रवाह जाताना वाटेतच दोन-तीन व्होल्ट खर्ची पडत. दीड अँपियर प्रवाह असेल तर चार वॉटच्या आसपास नुसती उष्णता. म्हणून ते पत्र्याचे कंगवे. डीमॉस वापरावा तर त्याला हुकूम देणारं डोकं वेगळ्या चिपवर ठेवावं लागे आणि मोजणारा आणखी वेगळ्या. तीन चिपा, त्यांच्यामधल्या तारा, डाग दिलेले सांधे. सांधे जितके जास्त तितक्या बिघडायच्या जागा जास्त.

एकत्र आणण्याविरुद्धचे आक्षेप काही पोकळ नव्हते. प्रत्येक जादा मुखवट्याबरोबर खर्च वाढतो. तिघांना सांभाळताना प्रत्येकाला थोडं झुकावं लागतं, त्यामुळे कोणीच आपापल्या घरात होता तितका उत्तम राहत नाही. शिवाय मोटर हा शेजारी धटिंगण. तिचा प्रवाह एकदम तोडला की ती उलट धक्का मारते. तो धक्का सिलिकॉनच्या तळातून पसरून, बाजूला शांतपणे मोजत बसलेल्या बायपोलरचा हिशेब चुकवू शकतो.

एसजीएसच्या गटानं डीमॉसचीच भाजणी पाया म्हणून धरली आणि त्याच भाजणीत बाकीच्यांची सोय पाहिली. डीमॉसच्या दाराला जो सिलिकॉनचा थर लागतो, त्याच थरातून सीमॉसची दारं कातली. डीमॉससाठी जे द्रव्य जिरवायचं, तेच बायपोलरच्या मधल्या भागाला चालवून घेतलं. एका शिट्टीत दोन डबे शिजावेत तसं. प्रत्येकाभोवती उलट्या गुणाच्या सिलिकॉनच्या भिंती घातल्या, म्हणजे डबे एकमेकांत सांडणार नाहीत. या मिश्रणाला तिघांच्या आद्याक्षरांवरून 'बीसीडी' म्हणू लागले. आंद्रेइनी, कोंतिएरो आणि पाओला गाल्बियाती यांनी १९८६ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला.

त्या आधीच, १९८५ मध्ये, या घराण्यातली पहिली चिप तयार झाली होती. तिचं नाव एल ६२०२. साठ व्होल्ट, पाच अँपियरपर्यंत ताकद, आणि सेकंदाला तीन लाख वेळा उघडझाप करण्याची चपळाई. तिच्या प्रत्येक डीमॉसचा अडथळा ओहमच्या तीन दशांशांइतका. मोटरच्या वाटेत असे दोन येतात. दीड अँपियरला उष्णता निघते साधारण एक पूर्णांक एक तृतीयांश वॉट, म्हणजे पूर्वीच्या एक तृतीयांशाच्या आसपास. पत्र्याचा कंगवा गळून पडला, तो असा.

एसजीएस १९८७ मध्ये फ्रान्सच्या थॉमसनच्या सेमीकंडक्टर विभागात विलीन झाली आणि १९९८ पासून तिचं नाव एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स आहे. बीसीडी पुढं इतरही अनेक कंपन्यांनी उचललं. हार्ड डिस्कची चकती फिरवणाऱ्या, गाडीचा ब्रेक घसरू न देणाऱ्या, अपघातात हवेची उशी फुगवणाऱ्या चिपांमध्ये ते पोचलं. मे २०२१ मध्ये जागतिक अभियंता संस्था आयईईईनं या कामाला ऐतिहासिक टप्पा म्हणून मान दिला, त्या वेळी एसटीनं आपण अशा चार हजार कोटी चिपा विकल्याचं सांगितलं होतं.

इथंच गोष्ट संपवली तर 'एकीचे बळ' अशी सुभाषितासारखी होईल. पण त्याच काळातली दुसरी गोष्ट सांगितल्याशिवाय ती पुरी होत नाही. तिला आपल्या पुण्याचाही एक धागा आहे.

बायपोलर आणि सीमॉस यांची दुहेरी मिसळ, म्हणजे 'बायसीमॉस', १९८० च्या दशकात जपानच्या हिताची कंपनीनं वेगवान चिपांसाठी जोरात पुढं नेली. हेतू होता गती. सीमॉस काटकसरी, पण अंगानं किरकोळ. चिपवरच्या लांब तारा भरायला त्याला वेळ लागे. बायपोलरचा हात जोरकस. तेव्हा विचार सीमॉसनं करावा आणि लांबचा निरोप बायपोलरनं पोचवावा. मार्च १९९३ मध्ये इंटेलनं याच पद्धतीनं घडवलेला पेंटियम बाजारात आणला. एकतीस लाख ट्रान्झिस्टर, पाच व्होल्टचा दाब. त्या प्रकल्पाचं नेतृत्व करणारे विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. फाळणीत रावळपिंडीहून आलेल्या कुटुंबातला. दिल्लीत शिकून ते अमेरिकेत गेले. वर्तमानपत्रं त्यांना पेंटियमचे जनक म्हणतात. चिपला शेकडो जनक असतात, पण नेतृत्व त्यांचं होतं. २०२५ मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झालं.

पेंटियम जगभर खपला. ती मिसळ मात्र टिकली नाही. कारण साधं आहे. बायपोलरला आपलं दार उघडायलाच सुमारे सात दशांश व्होल्ट लागतात. त्याला ती दस्तुरी समजा. घरात पाच व्होल्ट असताना ती परवडत होती. पण ट्रान्झिस्टर बारीक होत गेले तसा दाबही उतरवावा लागला. आधी तीन पूर्णांक तीन, मग त्याहून कमी. मिळकत निम्मी झाली तरी दस्तुरी तेवढीच. दरम्यान सीमॉस स्वतःच इतका चपळ झाला, की निरोप्याची गरज उरली नाही. १९९७ मध्ये आलेले इंटेलचे नवे पेंटियम पुन्हा निव्वळ सीमॉसचे होते. चार वर्षांत तो संसार आटोपला.

मग बीसीडीचा संसार का टिकला? मला समजलेलं उत्तर असं. पेंटियममध्ये दोघे एकच काम करत होते, जलद हो-नाही सांगण्याचं. एक दुसऱ्याला हात देत होता. पहिल्याला बळ आलं तेव्हा दुसऱ्याचा नुसता खर्च उरला. मिलानच्या चिपमध्ये तिघांना तीन निरनिराळी कामं होती. सीमॉस कितीही चपळ झाला तरी मोटरचा भार तो उचलणार नाही आणि डीमॉस कितीही बलवान झाला तरी त्याला हिशेब येणार नाही. ज्याचं काम दुसरा करू शकत नाही, त्याची जागा पक्की.

बायपोलर तिथंही संपला नाही, हे मला विशेष वाटतं. बर्नार्ड मेयरसन आणि त्यांच्या आयबीएममधल्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात सिलिकॉनमध्ये चिमूटभर जर्मेनियम मिसळायची रीत बसवली. पहिल्या ट्रान्झिस्टरचं तेच जर्मेनियम, ज्याला सिलिकॉननं बाजारातून हुसकावलं होतं. त्यातून घडलेला बायपोलर इतका चपळ निघाला, की सीमॉसच्या शेजारी त्याला पुन्हा मानाची जागा मिळाली. मात्र या वेळी हिशेबाच्या नव्हे, बिनतारी लहरींच्या कामात. गाडीपुढचा अडथळा ओळखणारे रडार सेकंदाला सत्याहत्तर अब्ज हेलकाव्यांच्या लहरींवर चालतात. त्यातल्या बऱ्याच चिपा याच मिश्रणाच्या आहेत. थोडक्यात, सूनबाई एका घरातून माहेरी आल्या, पण त्यांचं हुन्नर ओळखणारं दुसरं घर मिळालं.

हे वाचताना मला राज्यव्यवहारकोश आठवला. शिवाजी महाराजांनी तो रघुनाथ पंडितांकडून करवून घेतला, कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. स्वराज्याचा कारभार आपल्या भाषेत चालावा, ही त्यामागची दृष्टी रास्त होती. कित्येक शब्द त्यानं दिले. पण 'पेशवा' या शब्दाला 'मुख्यप्रधान' असा पर्याय मिळूनही लोकांच्या तोंडी पेशवा राहिला तो राहिलाच. वकील, दुकान, कागद, खुर्ची हे शब्द आज कोणाला परके वाटतात? आणि दरबारातले कितीतरी भारदस्त फारसी शब्द कोणी न हाकलताही आपोआप गेले, कारण त्यांचं काम संपलं. एखाद्या कार्यक्रमात मला हमखास कोणीतरी विचारतं, "तुम्ही मुसलमान असून मराठीत कसे काय लिहिता?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पूर्वी मी लांबलचक उत्तर द्यायचो. आता म्हणतो, मला जे सांगायचंय ते सांगायचं काम हीच भाषा करते. दुसरं कोणतं कारण लागतं?

मिसळ ही चांगली की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. कुकरमध्ये तीन डबे लावायचे की नाहीत, हे घरात जेवायला कोण कोण आहे त्यावर ठरतं. डबे उगाच लावले तर गॅस वाया जातो, आणि गरज असताना लावले नाहीत तर तीन चुली पेटवाव्या लागतात.

तरी मिसळीची एक किंमत आहे, आणि ती मी भाच्याच्या दुकानातच पाहिली. जुना बोर्ड हातात घेऊन तो म्हणाला होता, "मामू, याच्यातला एक ट्रान्झिस्टर गेला तर मी थोडक्या पैशांत तेवढाच बदलायचो. त्या नवीनमध्ये एक कोपरा जळला की सगळी चिप गेली. मोजणारा धड आहे, डोकं धड आहे, पण टाकायचं सगळंच." एकत्र राहणाऱ्यांची ही जोखीम खरीच आहे. एकाची आग तिघांना लागते. म्हणून तर त्या भिंती नीट घालाव्या लागतात आणि विजेचा दाब आधीच अडवणारा रखवालदार बाहेर बसवावा लागतो. त्या मशीनमध्ये रखवालदाराच्या नावानं काही नव्हतं. भाच्यानं तोही नवा बसवायचं ठरवलं.

चिप मुंबईहून कुरिअरनं यायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस त्या बाई रोज दुपारी येऊन विचारून जात. ऑर्डर देणाऱ्यांना त्यांनी काय सांगून थोपवलं असेल, ते त्यांनाच ठाऊक. चौथ्या दिवशी भाच्यानं जुनी चिप गरम हवेनं उचलली, नवी ठेवली, पाय डागले आणि बोर्ड घेऊन आम्ही तिघे त्यांच्या घरी गेलो. बटण दाबल्यावर क्षणभर काहीच झालं नाही. मग सुई हलली. कापडाची चौकट आधी डावीकडे सरकली, मग मागं, मग थोडी उजवीकडे, आणि पिवळ्या रेशमावर आंब्याच्या कोयरीचं टोक उमटू लागलं.

बाईंनी पदर तोंडाला लावला. भाच्यानं चिपवर बोट ठेवून पाहिलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मीही बोट लावलं. चिप जेमतेम कोमट होती.